दगड अर्धेंच सांगतो



मुंबईच्या कोटांतील संत थॉमस यांच्या देवळापासून एके काळीं शहरांतील मैल मोजले जात. एकोणिसाव्या शतकांत बसविलेल्या त्या मैलांच्या दगडांपैकीं कित्येक पुढें फरसबंदीखालीं गाडले गेले होते. अलीकडे महानगरपालिकेनें ते उकरून पुन्हां उभे केले, हें उचितच झालें. परंतु गतवर्षीं सहलींत असा एक दगड दाखवीत असतां एका मुलानें मला विचारलें, "सर, या रस्त्यानें चालत कोण जात असे?" दगडावर त्याचें उत्तर नव्हतें.

तें उत्तर गिरण्यांच्या धुराड्यांपाशीं शोधलें पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेव येथें पहिली कापड गिरणी स्थापिली. पुढें परळ, लालबाग या टापूस गिरणगांव हें नांवच पडलें. कोंकणांतून व घाटावरून आलेले लोक चाळींतील एकेका खोलींत दाटीनें राहत व भोंग्याच्या हांकेस उठत. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांस संघटित करून साप्ताहिक सुटी मागितली. ती १० जून १८९० रोजीं मान्य झाली. आपण रविवारास प्रभूचा दिवस म्हणतों; पण मजुरास तोच विसावा मिळण्यास सहा वर्षें झगडावें लागलें, हें आपल्या किती मुलांस ठाऊक आहे?

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं संप पुकारला. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हां उघडल्याच नाहींत. फिनिक्स गिरणीच्या जागीं आज उंची मालाचा बाजार आहे. कामगारांचीं कांहीं कुटुंबें खाडी ओलांडून आपल्या या नव्या शहरांत आलीं.

कोणी म्हणेल, पाट्या वाचतो कोण? त्यांवर जाहिराती मात्र चिकटतात. आक्षेप खरा आहे. केवळ मालकाचें नांव व सन कोरलेली पाटी कोणी वाचणार नाहीं. परंतु येथें काय विणलें जाई, पाळ्या किती चालत, भोंगा कोणत्या सालीं कायमचा थांबला, हें जींत आहे ती पाटी ज्याचा आजा तेथें राबला तो मुलगा थांबून वाचील. म्हणून प्रत्येक गिरणीच्या दरवाजापाशीं अशी पाटी लागावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

तोंवर आपण स्वस्थ बसूं नये. मुलांनो, या सुटींत आजोबांस विचारा: आपण साचेखात्यांत होतां कीं बदलीवर? पहिला पगार किती? उत्तर वहींत लिहून ठेवा. पालकांनींही कंटाळूं नये. सांगणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत.

यहोशवानें यार्देन नदींतून बारा दगड उचलून आणविले, ते मुलांनीं त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनीं सांगावा म्हणून. दगड मांडणें हें अर्धें काम. उरलेलें अर्धें घरोघरीं व्हावयाचें आहे.