सापडले म्हणजे आपले झाले काय?



मागील महिन्यात परिचयातील एका व्यापारी घराण्यातील तरुण माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता. त्यांचा जुना वाडा पुनर्विकासासाठी द्यावयाचे ठरले आहे. वाड्यावर चार चुलत घरांचा समाईक हक्क आहे. प्लेगच्या साथीत गाव सोडताना पणजोबांनी माजघरात नाण्यांचा हंडा पुरला, अशी आख्यायिका त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वाडा पडण्यापूर्वी शोध घ्यावा म्हणून त्याने मेटल डिटेक्टर मागविला होता. कायद्याविषयी विचारून झाल्यावर तो आवाज उतरवून म्हणाला, "काका, बाकीच्या घरांना आत्ताच कशाला सांगायचे? आधी काही सापडू तर द्या."

त्याच्या त्या 'आधी'पाशी मी अडखळलो. उत्तरादाखल त्याला इंग्लंडमधील दोन घटना सांगितल्या. त्या देशात जुन्या शेतांतून व जमीनदारीच्या मळ्यांतून हे यंत्र फिरविण्याचा छंद पुष्कळांना आहे.

पहिली घटना सफोक परगण्यातील हॉक्सन गावची. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. यंत्र त्यांना निवृत्तीची भेट म्हणून मिळालेले होते. हातोड्याऐवजी जमिनीतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने व नाणी निघू लागली. थोड्याच वस्तू हाती येताच त्यांनी खणणे थांबविले आणि जमिनीच्या मालकास व पोलिसांस कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. रोमन काळातील सुमारे १५,००० नाणी व सुमारे २०० इतर वस्तू मिळाल्या. ठेव जागच्या जागी राहिल्यामुळे लाकडी पेटीत लहान पेट्या कशा रचल्या होत्या, हेही कळू शकले. त्यांत मिरपुडीच्या चार चांदीच्या कुप्या होत्या. रोमन साम्राज्यात मिरी जात असे ती आपल्याच मलबार किनाऱ्यावरून. लॉज यांना १७ लाख ५० हजार पौंडांचे पारितोषिक मिळाले. तसे बंधन नसतानाही त्यांनी ते त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला व आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

दुसरी घटना २०१५ सालची, हेरफर्डशर परगण्यात लेम्स्टरजवळ एका उमराव घराण्याच्या जमिनीवरील. दोघांना व्हायकिंग काळातील ठेव सापडली. तीत सुमारे ३०० नाणी असावीत, असा अंदाज आहे. त्यांनी कोणासही न कळविता नाणी व्यापाऱ्यांकडे नेली. २०१९ साली दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि त्यांना साथ देणारा नाण्यांचा व्यापारीही सुटला नाही. तोवर जेमतेम तीस नाणी परत मिळाली होती. त्यांपैकी काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा चेओलवुल्फ शेजारी शेजारी बसलेले दाखविले आहेत. या दोन राज्यांच्या मैत्रीचा असा दुर्मीळ पुरावा त्या ठेवीत होता. उरलेली बहुतेक नाणी गेली आणि त्यांनी सांगितली असती ती हकिकतही गेली.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला हे व्हाउचरच्या भाषेत कळते. रक्कम खरी असली तरी व्हाउचरावाचून खतावणीत तिला स्थान नाही. पुराणवस्तूचे व्हाउचर म्हणजे ती सापडलेली जागा, खोली व शेजारच्या वस्तू. आपल्याकडे जमिनीतून जिनप्रतिमा निघते तेव्हा भक्तिभावाने ती लगेच चिंचेने घासून लख्ख करण्याची घाई होते. धातुप्रतिमेच्या मागील बाजूस पुष्कळदा संवत, दात्याचे नाव व गच्छ कोरलेला असतो. घासण्यात हीच अक्षरे झिजतात.

आता कायदा. गुप्तधनाविषयीचा १८७८ चा अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत वा तिला जोडलेल्या बांधकामात दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते व ती कोषागारात जमा करावी लागते किंवा जामीन द्यावा लागतो. ते जाहीर सूचना काढून हक्कदारांस बोलावितात. ती शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजाने पुरल्याचा दावा असल्यास दिवाणी न्यायालयात जाण्यास अवधी मिळतो. प्लेगच्या साथीतील हंडा त्या मुदतीत बसत नाही. मालक न ठरल्यास, व वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. अर्थात शासन मोबदला देऊन वस्तू स्वतःकडे घेऊ शकते. न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत आणि जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते.

परंतु आपल्यासाठी कायद्याच्याही आधी व्रत येते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्याणुव्रत सांगताना चोरून नेलेल्या धनाचाच विचार केलेला नाही. ठेवलेली, पडलेली, विसरलेली परक्याची वस्तू न दिली असता घेणे, हेही त्यांनी वर्ज्य मानले आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे व राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे ही दोन्ही येतात. लेम्स्टरच्या व्यापाऱ्याला लागू पडणारे हे शब्द कित्येक शतकांपूर्वी व्यापारी समाजासाठी लिहून ठेवलेले आहेत.

म्हणून मी त्या तरुणास म्हणालो, "बाळा, हंड्यात तिघा काकांचाही हिस्सा आहे. तो निघण्याआधी त्यांच्यापासून लपविलास, तर निघाल्यावर उघड करण्याचे धैर्य कोठून आणशील?" तो काही न बोलता निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. चारही घरांनी सह्या करून लेखी ठरविले होते: शोध सर्वांसमक्ष व्हावा, काही लागल्यास तेथेच थांबून छायाचित्र घ्यावे, आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे. रविवारी यंत्र फिरले. खिळे निघाले, दाराची एक कडी निघाली आणि दुकानातील जुने लोखंडी वजन निघाले. हंडा काही लागला नाही. चारही घरांची मंडळी सूर्यास्तापूर्वी त्याच माजघरात एकत्र जेवली. वाडा पडण्यापूर्वीची तेथील ती शेवटची पंगत, असे तो म्हणाला.