तांब्याची किमया आणि विजेचा हिशेब

धुराड्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड पकडावा आणि विजेच्या साहाय्याने त्याचेच पुन्हा इंधन करावे, ही कल्पना मोहक आहे. ती निव्वळ स्वप्नरंजन नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी यांनी १९८५ मध्ये आणि त्यानंतर केलेल्या प्रयोगांतून तांब्याचे वेगळेपण प्रकट झाले. सोने व चांदी या वायूचे कार्बन मोनॉक्साइड करून थांबतात. कथिल व शिसे यांची धाव फॉर्मेटपर्यंतच. लोखंड आणि प्लॅटिनम तर मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनच मोकळा करतात. तांबे मात्र मिथेन आणि इथिलीनपर्यंत मजल मारते. कार्बन मोनॉक्साइडला ते फार घट्ट धरून ठेवीत नाही आणि चटकन सोडूनही देत नाही. त्यामुळेच कार्बनचे दोन अणू परस्परांशी जोडले जाण्यास अवसर मिळतो.

मग चार दशके लोटूनही हे इंधन बाजारात का दिसत नाही? तांब्यापासून एकच पदार्थ न मिळता अनेकांचे मिश्रण मिळते, वापरात त्याचा पृष्ठभाग बदलतो आणि अल्कधर्मी द्रावणात बराचसा वायू कार्बोनेट होऊन अडकतो. या अडचणी संशोधक आज ना उद्या दूर करतीलही. खरा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा, म्हणजे विजेचा आहे.

एक किलो इथिलीनमध्ये सुमारे तीन किलो कार्बन डायॉक्साइड सामावतो. त्यासाठी सिद्धांतानुसारच सुमारे १३ युनिट वीज हवी. प्रत्यक्षात ती याहून पुष्कळ अधिक लागते. कोळशावर एक युनिट वीज निर्माण करताना जवळजवळ एक किलो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. म्हणजे तीन किलो पकडण्यासाठी तेरा किलोंहून अधिक सोडावयाचा! ज्या देशाची निम्म्याहून अधिक वीज आजही कोळशावर निघते, त्या आपल्या देशाला हा व्यवहार परवडणारा नाही.

याचा अर्थ संशोधन थांबवावे असा नव्हे. सूर्य आणि वारा यांच्यापासून मिळणारी वीज मुबलक झाल्यावर प्लास्टिकसारख्या उद्योगांचा कच्चा माल या मार्गाने मिळू शकेल. परंतु जे काम वीज थेट करू शकते, तेथे आधी तिचे इंधन करून मग ते जाळणे ही उधळपट्टीच ठरेल. शिवाय जाळलेला कार्बन पुन्हा हवेतच जाणार. तांब्याच्या किमयेकडे बोट दाखवून कोळशाची धुराडी पेटती ठेवण्याचा मोह राज्यकर्त्यांना होईल. तो वेळीच ओळखणे हे जागरूक नागरिकांचे काम आहे.