उन्हाळी म्हणून सोडू नका: मूत्राशयाचा कॅन्सर आणि सीमाभागातला रुग्ण

मूत्राशयाचा कॅन्सर पसरला की जुन्या केमोवर निम्मे रुग्ण १६ महिनेच काढायचे. एनफोर्टुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं जोडीनं दिली तेव्हा हा आकडा साडेएकतीस महिन्यांवर गेला. हे निष्कर्ष २०२३ चे. भालकी-आळंदच्या रुग्णाला त्याचा उपयोग आज तरी फारसा नाही. खर्च लाखांत जातो.

त्याच वर्षी महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केली, ५४ कोटींची तरतूद केली. बिदर-कलबुर्गीतली मराठी गावंही त्यात धरली. तेव्हाचे कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी विरोध केला, दोन्हीकडून भाषणं झाली. पण कलबुर्गीत किडवाईचं केंद्र गाठावं की बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, आणि कुठं कोणतं कार्ड चालेल, हे गावात येऊन कुणी सांगितलं?

खरं तर इथल्या माणसाच्या कामाचं औषध जुनं आणि स्वस्त आहे. क्षयाची तीच बीसीजी लस. गाठ वरच्या थरात असतानाच दुर्बिणीने काढली आणि मग नळीवाटे मूत्राशयात बीसीजी सोडली, तर अनेकांचा आजार तिथंच थोपवता येतो. अडतं ते वेळेवर. लघवीतून रक्त जातं, दुखत काहीच नाही. घरचे म्हणतात उन्हाळी लागली, सब्जा द्या. रक्त दोन दिवसांत थांबतं, माणूस विसरतो. तंबाखू-बिडी ओढणाऱ्यांनी तर एकदा रक्त दिसलं तरी सोनोग्राफी करून घ्यावी. ती बिदरमध्येच होते.