सूर चिरकू नये म्हणून

चैत्र शुद्ध त्रयोदशीला हिंगोली जिल्ह्यातील ऊन सकाळी नऊ वाजताच चटके देऊ लागते. भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाची मिरवणूक पेठेतून निघालेली असावी, बँडवाल्याने क्लॅरिनेटवर भक्तिगीताची धून धरलेली असावी आणि ऐन समेवर सूर चिरकावा, हा अनुभव वसमतपासून सेनगावपर्यंत अनेकांच्या परिचयाचा आहे. पोरे हसतात, आयोजक कपाळाला आठ्या घालतात. वादकाची मान खाली जाते आणि पुढील सुपारीची काळजी त्याच्या मनात घर करते.

हा चिरका सूर येतो कोठून? सन 1700च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान क्रिस्टोफ डेनर यांनी क्लॅरिनेटला आकार दिला असे मानले जाते. लष्करी बँडच्या वाटेने हे वाद्य भारतात रुळले आणि लग्नाच्या वरातीत सनईच्या जोडीला येऊन बसले. हिंगोली हेही हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे गाव होते. पूर्वी त्याच निजामी राज्यात असलेल्या रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी तर या विदेशी नळीतून रागदारी वाजवून दाखविली.

क्लॅरिनेटची नळी आतून बहुतांशी सारख्या व्यासाची असते आणि तोंडाकडचे टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद असते. बासरीत जोराने फुंकले की षड्जावरून वरचा षड्ज निघतो. क्लॅरिनेटमध्ये मात्र मागील बाजूची लहानशी चावी उघडताच षड्जावरून थेट वरच्या सप्तकातील पंचम निघतो. म्हणजे एका बारीक छिद्राने संपूर्ण सूर उडी घेतो. बोट छिद्रावर किंचित तिरपे बसले, पॅडमधून हवा गळली किंवा तळहाताचा धक्का बाजूच्या चावीला लागला, तर हीच उडी अवेळी घडते. रीडचे कंपन बिघडले तरीही तेच होते. तराजूतील पासंग डोळ्यांना दिसत नाही, पण मापात उतरतो. तसाच हा प्रकार आहे.

दोष शोधताना व्यापाऱ्याने रोकड जुळवावी तसे एकेक कलम तपासावे. प्रथम रीड. ती बोरूसारख्या वेताची पातळ पट्टी असते. कोरडी, कडेला तुटलेली अथवा वाकडी झालेली रीड चिरकतेच. वाजविण्यापूर्वी ती मिनिट-दोन मिनिटे ओली करावी. माऊथपीसवर अगदी सरळ बसवावी. वरून पाहता माऊथपीसच्या टोकाची केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे. तीन-चार रीड आलटून पालटून वापरल्यास ऐनवेळी अडचण येत नाही.

दुसरे कलम ओठांचे. खालचा ओठ दातांवर किंचित वळवून रीडला आधार द्यावा, वरचे दात माऊथपीसवर टेकवावेत, ओठांच्या कडा घट्ट ठेवाव्यात. परंतु रीड चावू नये. माऊथपीस तोंडात किती घ्यावा, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. रीड आणि माऊथपीस यांच्या फटीत पातळ कागद अलगद सरकवावा. तो जेथे अडेल, साधारण तेथपर्यंतच माऊथपीस ओठांत असावा.

तिसरे कलम गळतीचे. वाद्याचा एक भाग सुटा करून छिद्रे बोटांनी व खालचे टोक तळहाताने बंद करावे आणि वरून हवा ओढावी. ओढ टिकली तर पॅड ठीक; लगेच सुटली तर कोठेतरी गळती आहे. एवढे करूनही सूर चिरकत असेल, तर खालच्या सप्तकातील एकेक स्वर लांब, संथ श्वासाने धरण्याचा रियाज करावा. घाई करणारी बोटेच बहुधा अर्धवट बसतात.

पॅड बदलताना श्रावकाने एक गोष्ट अवश्य विचारून घ्यावी. पुष्कळ पॅडवर चामडे अथवा जनावराच्या आतड्याची पातळ त्वचा असते, आत लोकरीचा नमदा असतो, आणि ते लाखेने चिकटविले जातात. लाख कीटकांपासून मिळते. जोडांना लावण्याच्या काही ग्रीसमध्ये प्राण्यांची चरबीही असते. बुचाचे अथवा कृत्रिम पॅड, वनस्पतिजन्य ग्रीस आणि कृत्रिम गोंद हे पर्याय उपलब्ध आहेत. चातुर्मासात ओली रीड डबीत तशीच ठेवल्यास बुरशी धरते. म्हणून वादन संपताच रीड व नळीचा आतील भाग कोरड्या कापडाने पुसावा. यात वाद्याची निगा आहे आणि यत्नाचारही.

आता प्रश्न उरतो यजमानाचा. उन्हात दोन-तीन तास चालत वाजविणाऱ्याची रीड वरचेवर सुकते, ओठ थकतात, श्वास अपुरा पडतो. थकलेला ओठ रीडवर दाब वाढवितो आणि सूर फाटतो. त्यातच ‘आणखी जोरात’ असा आग्रह झाला की चिरकणे अटळ ठरते. सूर फाटल्याबद्दल बिदागी कापणाऱ्याने आपल्या मिरवणुकीचा हिशेब आधी तपासावा. मिरवणूक ऊन चढण्यापूर्वी निघाली का? वादकांना सावलीत घटकाभर विसावा मिळाला का? प्यायला गाळलेले पाणी कोणी दिले का? जन्मकल्याणकाच्या दिवशी मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारा समाज ताशेवाल्याच्या आणि क्लॅरिनेटवाल्याच्या सुकलेल्या ओठांकडे दुर्लक्ष करील, तर त्या जपण्यात काहीतरी उणे राहील.

शिरड शहापूरच्या मल्लिनाथ अतिशय क्षेत्री दर्शनाला जाणारी, जिल्ह्यातील पेढ्यांवर बसणारी कुटुंबे यंदाच्या उत्सवाची यादी करतील, तेव्हा फुलांच्या आणि प्रभावनेच्या ओळींखाली आणखी एक ओळ लिहावी: वादकांसाठी दोन ठिकाणी सावली, पाणी आणि पाव तासाची विश्रांती. या कलमाला खर्च थोडा लागतो. त्या पाव तासात वादक रीड पुन्हा ओली करील, ओठ सैल करील, श्वास सावरील. मग मिरवणूक मंदिराच्या दारी पोहोचेल, तेव्हा अखेरची धून बहुधा निर्मळ उमटेल आणि वादक मान वर करून घरी जाईल.