नफा ज्याचा त्याचा, घाण सामाईक!



सामाईक विहिरीचा व्यवहार तुम्हाला शिकवायला नको. पाळी ठरलेली असते, मोटारीचे बिल वाटून भरतात. कुणी तासभर जास्त पाणी ओढले तर दुसऱ्या दिवशी पारावर जाब द्यावा लागतो. पनवेलजवळच्या तळोजा एमआयडीसीत शिकल्यासवरल्या कारखानदारांना एवढेही जमले नाही.

रंग, रसायने, औषधे, मासळी; नाना कारखाने. सगळ्यांचे सांडपाणी शुद्ध करायला एक सामाईक प्रकल्प उभा राहिला, क्षमता दिवसाला 2 कोटी 25 लाख लिटर. चालवायला कारखानदारांचीच सहकारी संस्था. कल्पना वाईट नव्हती. लहान कारखान्याला स्वतःची यंत्रणा परवडत नाही. अशा प्रकल्पांना 1991 पासून सरकारी अनुदानही मिळाले. (आपण कापसाला भाव मागितला की मात्र तिजोरी रिकामी!)

पण तिथे घाण खातात ते जिवाणू. एकाने जरी रात्री आम्ल सोडले तरी ते मरतात, आणि सगळ्यांचेच पाणी तसेच पुढे जाते. म्हणून प्रत्येकाने पहिली सफाई आपल्या दारात करायची, असा नियम. तो किती पाळला, ते कासाडी नदीला विचारा. 2017 च्या ऑगस्टात तिथली कुत्री निळी झाली, तेव्हा जगाने फोटो पाहिले. मासे त्याआधीच गेले होते; कोळ्यांच्या जाळ्याचा फोटो कोण काढतो? प्रकरण हरित लवादापर्यंत गेले, कोट्यवधी रुपये भरण्याचे आदेश निघाले.

डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावी वीजकेंद्राची वाफ शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याने विकत घेतली, धूर धुताना निघालेला जिप्सम भिंतींचे पत्रे करणाऱ्याने घेतला. तिथे टाकाऊ मालाला भाव मिळाला. तळोज्यात सामाईक झाला तो फक्त नळ.

आपल्याकडे सरकीचे तेल, पेंड म्हशीला, शेण रानात, हे कुणा तज्ज्ञाने सांगितले नव्हते. पऱ्हाटी मात्र आजही बांधावर जळते. तिच्यापासून फळ्या बनवण्याची रीत मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने केव्हाच बसवली आहे. जिनिंग, तेलघाणा आणि फळ्यांचा कारखाना एका आवारात का नाहीत?

उद्या तुमच्या तालुक्यात एमआयडीसीसाठी जमीन मागायला साहेब येतील. सातबारा काढण्याआधी त्यांना विचारा: प्रत्येक कारखान्याच्या दाराशी सांडपाण्याचे मीटर बसणार का, आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागणार का?