सातबारा नाही, म्हणून शेतकरी नाही?

मार्च २०२० मध्ये केंद्राने ८.७ कोटी शेतकऱ्यांना पीएम-किसानचे २ हजार रुपये जाहीर केले. नवे काहीच नव्हते. ठरलेला हप्ता एप्रिलमध्ये आधी दिला, एवढेच. तोही जमीन नावावर असेल त्यालाच. आमची धायरी २०१७ साली महापालिकेत गेली, शिवारात इमारती उभ्या राहिल्या. गुंठाभर रान उरले, तो मालक शेतकरी. त्याच रानात जन्मभर खुरपणाऱ्या आमच्या आयाबाया कोण? जनधन खाते असलेल्या बाईला महिना ५०० मिळाले, तेही तीनच महिने! बाबासाहेबांनी १९४७ सालीच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन सरकारची करून जात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्या, असे मांडले होते. दादासाहेब गायकवाडांनी त्याच जमिनीसाठी भूमिहीनांना सत्याग्रहात उतरवले. मित्रांनो, पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डात एकच मागा: मदतीच्या यादीत शेतमजुराचा रकाना.