जयंतीच्या मंचावर मुलांचे नाटक हवे

परीक्षा संपल्या की वर्तमानपत्रांत बालनाट्यांच्या जाहिराती येऊ लागतात. दादर, पार्ले, बोरिवली, ठाणे अशा ठिकाणी प्रयोग असतात. वसईपासून विरारपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत किती घरांत ही जाहिरात वाचली जाते? धम्मवर्गाला येणाऱ्या मुलांना आम्ही विचारून पाहिले. "नाटक पाहिलंय का?" म्हटले की मुले मोबाईलवर पाहिलेल्या विनोदी तुकड्यांची नावे घेतात. समोर जिताजागता माणूस उभा आहे, तो बोलतो, गातो, आपण हसलो की क्षणभर थांबतो, असे काही पाहिलेली मुले बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

आईवडिलांना विचारले तर तीन उत्तरे मिळतात. परवडत नाही, लांब पडते, आणि ते आपले नव्हे. पहिल्या दोन उत्तरांचा हिशेब पुढे मांडू. तिसरे उत्तर मात्र आम्हाला अधिक बोचते, कारण ते खरे नाही.

परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातले हे नाट्यगृह गिरणगावातल्या कामगारांचे हक्काचे ठिकाण होते. याच दामोदर सभागृहात ९ मार्च १९२४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बैठक बोलावली आणि त्यातूनच त्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेचा जन्म झाला. ज्या आवारात कामगारांचे नाटक वाढले, त्याच आवारात आपल्या चळवळीने बाळसे धरले. हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठवला. आपल्या समाजात त्याची फारशी चर्चा झाली नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आणि आंबेडकरी जलसा कोण विसरेल? १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव जलसे केले. तमाशाचा साचा ठेवला, शृंगार काढून टाकला आणि त्या जागी शिक्षण, दारूबंदी, पाणवठा, मंदिरप्रवेश हे विषय आणले. पडदा नाही, खुर्च्या नाहीत. कडेवर पोर घेऊन आया येत आणि म्हातारी माणसे घोंगडी पसरून बसत. वाचता न येणाऱ्या माणसाला चळवळ समजली ती अशी. पुढे वामनदादा कर्डकांनी गाण्यातून तेच काम आयुष्यभर केले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक झाले, तेव्हा ते पाहायला खुद्द बाबासाहेब होते. एवढा वारसा असताना नाटक दुसऱ्यांचे कसे झाले?

आम्हाला याचे एक कारण दिसते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे परळ, वरळी, दादरचे नायगाव इथल्या चाळींतून इकडे आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर नालासोपारा, विरारकडे रीघच लागली. येताना भांडीकुंडी आणली, बाबासाहेबांची तसबीर आणली, पंचायतीच्या शाखा उघडल्या, पै-पै जमवून विहारे बांधली. मंच मात्र मागेच राहिला. पहाटेची लोकल आणि रात्रीची लोकल, यांच्यामध्ये नाटकाला वेळ उरला नाही. आजोबा जलशात टाळ धरत होते हे नातवाला ठाऊकच नाही.

काही उपासक वेगळी शंका काढतात. अष्टशीलात नाचगाणी, खेळतमाशे वर्ज्य आहेत, मग मुलांना नाटकाला न्यावे कसे? शंका प्रामाणिक आहे. पण अष्टशील उपोसथाच्या दिवशी घ्यायचे असते. रोजच्या गृहस्थ जीवनाला पंचशील आहे आणि त्यात करमणुकीला बंदी नाही. सम्राट अशोकानेही हा भेद केला होता. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात तो मेळ्या-जत्रांतले दोष सांगतो, पण काही मेळे चांगले असतात असेही म्हणतो. आठव्या लेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्यातच सापडला. नवव्याचा तुकडा भुईगावला सापडला तो १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्या वर्षी. अशोकाने माणसाचा आनंद काढून घेतला नाही, त्याला वळण दिले. आपण राहतो ती भूमीच हे सांगते आहे.

आता हिशेब. कारकुनी पेशामुळे त्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. बालनाट्याचे तिकीट तीनशेच्या आसपास धरले तर चौघांचे बाराशे होतात. रक्कम मोठी आहे खरी, पण महिन्याला शंभर रुपये डब्यात टाकले तर वर्षाला एक नाटक होते. बाल्कनीत बसलात तर त्याहून कमी. विरारहून बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाला जायला गाडी बदलावी लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचे तिकीट नाही, बारा वर्षांखालच्याला अर्धे. महिला मंडळाने वीस-पंचवीस मुले एकत्र नेली तर आधी व्यवस्थापकांशी बोलून घ्यावे, सवलत मिळू शकते. चपात्यांचा डबा घरून न्यावा, म्हणजे मध्यंतरातला खर्च वाचतो.

मूल अगदी लहान असेल तर कडेची खुर्ची घ्यावी. अंधार झाल्यावर घाबरले तर बाहेर नेता येते. नेण्यापूर्वी त्याला समजावून सांगावे की इथे मोबाईल बंद ठेवायचा, मध्ये बोलायचे नाही, आवडले तर टाळ्या वाजवायच्या.

"बालनाट्यांत राक्षस-चेटकिणी असतात, ती अंधश्रद्धा नव्हे काय?" असे एका उपासिकाताईंनी विचारले. रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' घ्या. त्यातली चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि २०१८ साली नाटक नव्याने आले तेव्हा वैभव मांगलेंनी. दोघेही पुरुष! नाटक संपल्यावर मुलाला एवढेच सांगा की ती चेटकीण म्हणजे रंग लावलेला, लुगडे नेसलेला एक काका होता. आमचे तर म्हणणे आहे की भूत, भानामती आणि अंगात येणे यांवरचा हा चांगला उतारा आहे. रंगाखाली माणूसच असतो हे ज्या पोराला सातव्या वर्षी समजले, ते मोठेपणी बुवा-बाबाच्या पाया सहज पडणार नाही.

पण नाटक पाहून यायचे एवढ्यावर आम्ही समाधानी नाही. आपल्या मुलांनी स्वतः उभे राहून बोलले पाहिजे. हुशार मूल शाळेत मागच्या बाकावर गप्प बसते. पुढे मुलाखतीला गेले की खोलीत चार साहेब पाहून त्याची जीभ टाळ्याला चिकटते. गुणपत्रिकेत कमी नसते, कमी असते ती चारचौघांत उभे राहण्याच्या सवयीत. ती सवय मंचावर लागते. मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. मुले आपल्याच गल्लीतले विषय घेत आणि आपणच नाटक बसवत. मतकरी २०२० साली गेले, पण त्यांनी दाखवलेला रस्ता ठाण्यापुरता नाही.

पैसा कुठून आणायचा? जयंतीचा जमाखर्च समोर ठेवा. डीजेच्या एका रात्रीचे भाडे बघा आणि त्याच पानावर मुलांच्या कार्यक्रमाला किती दिले ते बघा. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या ओळीत वह्या-पेन्सिली आणि बिस्किटे एवढेच सापडेल. भिंती हादरवणाऱ्या त्या आवाजात तान्ही मुले दचकतात, आजारी माणसे कण्हतात आणि बाबासाहेबांचा एक शब्दही कोणाच्या कानावर पडत नाही. रात्री दहाला तर कायद्यानेच ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. मग संध्याकाळी साडेसहाला विहाराच्या अंगणात सतरंज्या अंथरून मुलांचा जलसा का होऊ नये? त्याला लागते एक पेटी, एक ढोलकी आणि दोन महिने तालीम घेणारा एक ताई किंवा दादा.

विषय शोधायला लांब जायला नको. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये १९०१ सालचा प्रवास लिहिला आहे. नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात समजताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होत नाही, शेवटी मुलांनाच गाडी हाकावी लागते, आणि वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. पात्रे मुलांच्याच वयाची आहेत. चार खोके मांडले की गाडी होते. हा प्रसंग दहा वर्षांच्या मुलाने स्वतः करून पाहिला तर दहा भाषणांचे काम होईल.

आणखी एक. कारखान्यात, कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी जून आणि डिसेंबरचे पगारपत्रक नीट पाहावे. कामगार कल्याण निधीची छोटी वजावट त्यात असते. त्या निधीतून चालणारे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांसाठी नाट्यस्पर्धा घेते. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धाही असते. पैसे आपले जातात, तर चौकशीही आपणच करायला हवी.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदना झाल्यावर हा विषय मांडा. जयंती समितीच्या अंदाजपत्रकात 'मुलांचे नाटक' अशी एक ओळ लिहून घ्या आणि समोर रक्कम टाकल्याशिवाय बैठक उठू देऊ नका.

जयभीम! नमो बुद्धाय!